सरासरीचा पाऊस कोणाच्या शेतात पडतो?

दर वर्षी एप्रिलच्या मध्याला हवामान खात्याचे निवेदन प्रसिद्ध होते आणि त्यातील एक आकडा दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकतो. यंदाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के पडेल, असे तो आकडा सांगतो. शेअर बाजाराला त्याने हुरूप येतो, अर्थखात्यातील जाणकारांना महागाईचा ठोकताळा बांधण्यास तो उपयोगी पडतो आणि चहाच्या दुकानांतून दोन दिवस चर्चेला विषय मिळतो. पुढे सप्टेंबरअखेर त्याच जातीचा दुसरा आकडा येतो. पाऊस प्रत्यक्षात किती टक्के झाला हे तो सांगतो. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळपास आले म्हणजे अंदाज खरा ठरला असे समजले जाते आणि त्या वर्षीच्या पावसाचे खाते बंद होते.

या दोन आकड्यांच्या मध्ये चार महिने असतात, आणि शेती होते ती त्या चार महिन्यांत. वानगीदाखल २०२१ सालचा हिशेब घ्यावा. त्या वर्षी जून ते सप्टेंबर या काळात देशभरात सरासरीच्या ९९ टक्के पाऊस झाला. याहून आदर्श पावसाळा कागदावर सापडणे कठीण. महिन्यांची फोड केली म्हणजे मात्र चित्र पालटते. जूनमध्ये ११० टक्के, जुलैमध्ये ९३, ऑगस्टमध्ये अवघा ७६ आणि सप्टेंबरमध्ये १३५ टक्के, अशी ती फोड आहे. जुलैच्या उत्तरार्धात महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच सुमारास चिपळूण शहर पाण्याखाली गेले आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड आली. ऑगस्टात आभाळ कोरडे राहिले. सप्टेंबर संपता संपता ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या जोराने मराठवाड्याला झोडपले आणि काढणीला आलेले सोयाबीन शेतातच भिजले. या सर्वांची बेरीज केली की ९९ येतात. अंकगणितात कोठेही चूक नाही.

२०२३ चे उदाहरण याहून बोलके आहे. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशाच्या पावसात त्या महिन्यापुरती ३६ टक्क्यांची तूट आली. तथापि जुलै आणि सप्टेंबर या दोन्ही महिन्यांत सरासरीच्या ११३ टक्के पाऊस झाल्यामुळे हंगामाची बेरीज ९४ टक्क्यांवर येऊन थांबली. महाराष्ट्राचे हवामान खात्याच्या दृष्टीने चार उपविभाग आहेत: कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. यांपैकी एकही उपविभाग त्या वर्षी ‘अपुऱ्या पावसाच्या’ वर्गात गेला नाही. खात्याच्या नकाशात संपूर्ण महाराष्ट्र सर्वसाधारण पावसाच्या रंगात रंगलेला होता. आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य शासनाला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. त्यांपैकी २४ तालुक्यांत तो गंभीर स्वरूपाचा होता. त्यानंतर दुष्काळसदृश परिस्थितीच्या यादीत जी महसूल मंडळे आली त्यांची संख्या हजाराच्या वर गेली. नकाशाही शासकीय आणि यादीही शासकीय. दोन्ही खरेच आहेत.

सरासरी म्हणजे नेमके काय

यावरून सरासरी ही फसवी चीज आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. सरासरीवाचून एखाद्या वर्षीचा पाऊस कमी की अधिक हे ठरविताच येणार नाही. ‘आमच्या लहानपणी पाऊस असा पडत नसे’ या वाक्याला काही किंमत यायची असेल, तर लहानपणी पाऊस किती पडत होता याची मोजणी हाताशी असावी लागते. प्रश्न सरासरी काढण्याचा नसून ती कशाची काढली आहे आणि कोणत्या कामाला लावली आहे, हा आहे.

शालेय भूगोलात हवा आणि हवामान यांतील भेद शिकविला जातो. एखाद्या ठिकाणची, त्या त्या वेळची वातावरणाची स्थिती ती हवा. आणि दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणांवरून काढलेली तिची सर्वसाधारण प्रकृती ते हवामान. विद्यार्थी ही व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेत अचूक लिहितात. व्यवहारात मात्र आपले हवामान खाते उद्याच्या हवेचा अंदाज देते, आणि हवा बदलायला म्हणून लोक ज्या गावी जातात तेथे त्यांना खरे तर हवामान हवे असते. शब्दांची ही सरमिसळ निरुपद्रवी आहे. विचारांची सरमिसळ तशी नाही. डिसेंबरात निफाडचा पारा उतरला आणि द्राक्षबागांतून शेकोट्या पेटल्या, की ‘तापमानवाढ कोठे गेली?’ असा प्रश्न विचारणारे हमखास भेटतात. उलट मे महिन्यातील एखादा असह्य दिवस पुढे करून जग बुडाल्याची ग्वाही देणारेही भेटतात. दोघेही एका दिवसाच्या हवेला हवामानाच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात.

मग दीर्घकाळ म्हणजे किती काळ? जगभरच्या हवामानशास्त्रज्ञांनी १९३५ मध्ये वॉर्सा येथील परिषदेत यासाठी तीस वर्षांचा काळ मुक्रर केला आणि १९०१ ते १९३० ही पहिली प्रमाण कालावधी म्हणून ठरविली. दर दहा वर्षांनी ही चौकट पुढे सरकवावी, असे जागतिक हवामान संघटनेने २०१५ मध्ये ठरविले; त्यानुसार आज १९९१ ते २०२० ही तीस वर्षे प्रमाण मानली जातात. मोसमी पावसासाठी भारतीय हवामान खाते पन्नास वर्षांची सरासरी घेते. पावसातील चढउतार तापमानाहून फार मोठे असल्यामुळे लांब पल्ल्याचा आधार घेणे शहाणपणाचे आहे.

पण ही फूटपट्टी स्वतःच सरकते, याची जाणीव फारच थोड्यांना असते. १९५१ ते २००० या काळावरून देशाच्या मोसमी पावसाची सरासरी ८९ सेंटिमीटर येत असे. १९६१ ते २०१० ही वर्षे घेतल्यावर ती ८८०.६ मिलिमीटर झाली. २०२२ पासून १९७१ ते २०२० हा काळ आधार मानला जातो आणि सरासरी ८६८.६ मिलिमीटर धरली जाते. समजा, एखाद्या वर्षी देशात ८३७ मिलिमीटर पाऊस झाला. जुन्या ८८०.६ च्या मापाने तो ९५ टक्के भरतो आणि ‘सर्वसाधारणपेक्षा कमी’ या सदरात पडतो. नव्या मापाने तोच पाऊस ९६ टक्के होतो व ‘सर्वसाधारण’ ठरतो, कारण ९६ ते १०४ टक्क्यांपर्यंतचा पाऊस खाते सर्वसाधारण मानते. आभाळातून एक थेंबही अधिक न पडता वर्षाची प्रत सुधारली. यात कोणाची लबाडी नाही. मोसमी पावसात काही दशके ओली व काही दशके कोरडी अशी नैसर्गिक आवर्तने येतात आणि सरासरीतील ही घट त्या आवर्तनाचा भाग आहे, असे खात्याने स्पष्ट केले आहे. तेव्हा टक्केवारी वाचणाऱ्याने ती कशाच्या मानाने काढली आहे हे विचारून घेणे एवढाच यातला बोध.

तापमानाच्या बाबतीत हाच प्रकार उलट्या दिशेने घडतो. २०२४ हे वर्ष भारतात १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले, सरासरीपेक्षा ०.६५ अंश सेल्सियस अधिक. ही सरासरी १९९१ ते २०२० ची, म्हणजे जी वर्षे स्वतःच आधीच्या मानाने तापलेली होती त्यांची. जुन्या तीस वर्षांशी तुलना केली असती तर आकडा मोठा आला असता. दर दहा वर्षांनी मोजपट्टी पुढे सरकविल्याने चालू पिढीला ‘नेहमीचे’ काय ते बरोबर कळते, पण तिचे आजोबा ज्याला नेहमीचे म्हणत त्यापासून ती किती दूर आली आहे हे त्या आकड्यात झाकले जाते.

एक जिल्हा, एक आकडा

काळाची सरासरी जशी महिने पुसून टाकते, तशी स्थळाची सरासरी डोंगर पुसून टाकते. महाराष्ट्रात याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि त्याच जिल्ह्यात माण व खटाव हे तालुके आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तेथून पाचगणीपर्यंत अवघ्या काही कोसांत तो सुमारे एक तृतीयांशावर येतो, वाईला आणखी घटतो आणि माणदेशात पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वर चढताना मोसमी वारे आपले पाणी टाकून देतात आणि पूर्वेकडे उतरताना कोरडे होत जातात, हे भूगोलाचे जुने सूत्र. सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस म्हणून जो आकडा निघतो, तो अशा एका गावाचा असतो की जे गाव जिल्ह्यात शोधून सापडायचे नाही. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात जेवढा पाऊस झाला, तेवढा माणच्या वाट्याला सर्वसाधारण वर्षात अख्ख्या बारा महिन्यांतही येत नाही.

मुंबईसारख्या एका शहरातही हीच गत होऊ शकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. संपूर्ण जुलै महिन्यात पडावा त्याहून अधिक पाऊस एका दिवसात झाला. त्याच दिवशी कुलाब्याला झालेला पाऊस शंभर मिलिमीटरही भरला नाही. दोन वेधशाळांच्या आकड्यांची सरासरी काढून ‘मुंबईत पाचशे मिलिमीटर पाऊस’ असे कोणी लिहिले असते, तर ते विधान शहराच्या एकाही टोकाला खरे ठरले नसते.

जिल्ह्यांच्या बाबतीत खात्याची परिभाषाही सैल आहे. सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के अधिक इतका पाऊस जिल्ह्यासाठी सर्वसाधारणच मानला जातो. मोसमी पावसाचा लहरी स्वभाव पाहता एवढी मोकळीक संख्याशास्त्रदृष्ट्या समजण्यासारखी आहे. परंतु हलक्या, मुरमाड जमिनीत कापूस लावणाऱ्याला त्या १९ टक्क्यांचा अर्थ निराळा असतो.

बेरीज तीच, पाऊस दुसरा

इथवर जे सांगितले ते सरासरीचे जुनेच दोष होत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते दरडोई उत्पन्नाच्या धड्यातच भेटलेले असतात. पण गेल्या काही दशकांत त्यांत एक नवी भर पडली आहे आणि ती अधिक गंभीर आहे. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध केले. मध्य भारतातील १९५१ ते २००० या काळातील रोजच्या पावसाच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. अतिवृष्टीच्या घटना वाढत आहेत, मध्यम पावसाचे दिवस घटत आहेत आणि या दोहोंची वजाबाकी होऊन हंगामाची एकूण सरासरी जवळजवळ जागच्या जागी राहिली आहे, असे त्यांना आढळले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व इतरांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या. यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. बाष्प अधिक काळ साठते आणि पडते तेव्हा एकदम पडते.

म्हणजे सरासरी स्थिर असताना तिच्या पोटात पाऊस बदलतो आहे. ज्या आकड्याकडे पाहून बदल झाला की नाही हे ठरवायचे, तोच आकडा ‘काही घडले नाही’ असे सांगतो.

याचा शेतीवर होणारा परिणाम समजून घेण्यासाठी सहाशे मिलिमीटर पावसाचा एक काल्पनिक तालुका डोळ्यांसमोर आणावा. एका वर्षी हा पाऊस चाळीस दिवसांत विभागून पडला, दुसऱ्या वर्षी वीस दिवसांत. पहिल्या वर्षी पाणी मुरते, विहिरींना पाझर सुटतो, पीक फुलोऱ्यात असताना जमिनीत ओल राहते. दुसऱ्या वर्षी पहिल्याच सरींवर पेरलेले बी वीस दिवसांच्या उघडिपीत करपते, दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणे व खत घ्यावे लागते, आणि मग एका रात्रीत आलेला दीडशे मिलिमीटरचा लोंढा बांध फोडून सुपीक माती घेऊन जातो. दोन्ही वर्षी तहसील कचेरीच्या फळ्यावर १०० टक्के लिहिलेले असते. दुसऱ्या वर्षीचे पीककर्ज मात्र थकते. महाराष्ट्रातील पिकाखालच्या जमिनीचा फार मोठा हिस्सा आजही पावसावर अवलंबून आहे. तेथे पाण्याच्या एकूण राशीपेक्षा ते केव्हा आले, याला मोल अधिक.

वर्षांच्या क्रमालाही सरासरी ओळखत नाही. एक वाईट वर्ष शेतकरी कुटुंब दागिना गहाण ठेवून किंवा जनावर विकून निभावून नेते. लागोपाठ दुसरे आले म्हणजे विकायला काही उरलेले नसते. २०१४ मध्ये देशात सरासरीच्या ८८ टक्के आणि २०१५ मध्ये ८६ टक्के पाऊस झाला. दोन्ही वर्षी मराठवाड्यात पावसाने मोठी ओढ दिली, मांजरा धरण आटले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी पुढे मराठवाड्यात भरपूर पाऊस झाला. तीन वर्षांची सरासरी काढणाऱ्याला त्या आगगाडीचे प्रयोजन कळणार नाही.

सरासरीवर उभा राहिलेला कारभार

हे सारे हवामानशास्त्राच्या पुस्तकापुरते असते तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु आपल्याकडे सरासरी ही कारभाराची रेघ आहे. दुष्काळ जाहीर झाला म्हणजे जमीन महसुलात सूट मिळते, सहकारी कर्जांचे पुनर्गठन होते, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती मिळते, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत मिळते, रोजगार हमीचे निकष शिथिल होतात आणि शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे परीक्षाशुल्क माफ होते. रेघेच्या अलीकडील गावातील विद्यार्थी शुल्क भरतो, पलीकडील भरत नाही. दोघेही एकाच महाविद्यालयात, एकाच बाकावर बसत असतात.

ही रेघ पूर्वी पैसेवारीने आखली जात असे. पिकाचे उत्पन्न प्रमाण उत्पन्नाच्या मानाने किती हे पैशांत सांगायचे आणि ५० पैशांच्या खाली आले तर टंचाई मानायची, अशी ती पद्धत. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम, अशा तिच्या तीन पायऱ्या. तोवर हिवाळा अर्धा सरलेला असे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने ही रीत बदलली. पावसातील तूट किंवा सलग तीन-चार आठवड्यांचा खंड ही पहिली कसोटी, आणि त्यानंतर पेरणीचे क्षेत्र, पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा, भूजल, जलाशयातील साठा या पुढच्या. बेरजेबरोबर खंडालाही संहितेने स्थान दिले, ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. परंतु २०२३ च्या नोव्हेंबरात महसूल मंडळांची यादी करताना राज्याने जो निकष लावला तो पुन्हा बेरजेचाच होता: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी. ७६ टक्क्यांवर थांबलेल्या मंडळाने काय करायचे, याला यादीत उत्तर नाही. कोणत्याही रेघेचे असेच होते, हे मान्य करूनही हा प्रश्न उरतोच.

ओल्या दुष्काळाची तर संहितेत नोंदच नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, सीनेला पूर आला, उभी पिके आणि त्यांच्याखालची मातीही वाहून गेली. एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या या भागात होड्या फिरल्या. देशाचा त्या वर्षीचा पाऊस सरासरीच्या १०८ टक्के होता. ओला दुष्काळ जाहीर करण्याची मागणी झाली तेव्हा ही संज्ञा नियमांत नाही असे उत्तर आले. दुष्काळातील सवलती तेवढ्या लागू करण्यात आल्या. सरासरीच्या खाली जाणे हेच संकट, या गृहीतावर रचलेल्या नियमांना वरून आलेले संकट ओळखता आले नाही.

पीकविम्याची कथाही सरासरीचीच आहे. म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्येच पावसाच्या मोजणीवर आधारलेल्या शेतीविम्याची योजना पुस्तकरूपाने मांडली होती. प्रत्येक शेताची स्वतंत्र पाहणी करणे अशक्यप्राय आहे, तेव्हा एका हवामानाच्या क्षेत्राची सरासरी धरून सर्वांना त्या मानाने भरपाई द्यावी, असे प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये सुचविले. त्या तत्त्वावर १९७९ मध्ये प्रायोगिक योजना सुरू झाली आणि आजची पंतप्रधान पीक विमा योजना मूलतः त्याच पायावर उभी आहे. दांडेकरांचा युक्तिवाद आजही बिनतोड आहे. वैयक्तिक पंचनाम्यांवर विमा चालविला तर त्यात खर्च आणि वशिला यांखेरीज काही शिल्लक राहणार नाही. मात्र क्षेत्र जितके मोठे, तितका त्याच्या सरासरीत एखाद्या गावाचा तोटा बुडून जातो. महाराष्ट्रात मुख्य पिकांसाठी हे क्षेत्र महसूल मंडळाचे आहे, आणि एका मंडळात वीसेक गावे येतात. एका बाजूच्या दहा गावांवर पाऊस व्हावा आणि दुसऱ्या बाजूची दहा कोरडी राहावीत, हे आपल्या पावसाळ्यात नवलाचे नाही.

या योजनेतील एक तरतूद मात्र लक्षवेधी आहे. उंबरठा उत्पन्न ठरविताना मागील सात वर्षांपैकी सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेतली जाते. लागोपाठच्या वाईट वर्षांनी सरासरीच खाली ओढली जाऊ नये आणि संकटाचीच सवय मोजपट्टीला लागू नये, म्हणून ही काळजी. सरासरी कशाची काढायची हा निर्णय निव्वळ गणिती नसतो, कोणाला संरक्षण द्यायचे हे आधी ठरवून मग तो घेतला जातो, याचे हे सरळ उदाहरण आहे.

नक्षत्रे आणि रजिस्टरे

शेतकऱ्याचे स्वतःचे कोष्टक बेरजेचे कधीच नव्हते. मृगापासून हस्तापर्यंतची नऊ नक्षत्रे म्हणजे तेरा-चौदा दिवसांचे नऊ कप्पे. कोणत्या कप्प्यात काय पेरायचे, कोणत्यात उघडीप हवी आणि कोणत्यात सर हवी, हे त्याला ठाऊक असते. पंचांगातील नक्षत्रांची वाहने, म्हणजे यंदा बेडूक की कोल्हा, हा भाग मनोरंजनाचा; परंतु हंगामाचे पंधरवड्यांत तुकडे करून पाहण्याची दृष्टी व्यवहाराची होती. हस्त नक्षत्र ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या आसपास संपते, हीही ध्यानात घेण्यासारखी बाब आहे. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून तो परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. हंगामाचा हिशेब मात्र अजूनही ३० सप्टेंबरलाच बंद होतो. २०१९ मध्ये सरासरीच्या ११० टक्के पावसाची नोंद करून पावसाळ्याचे खाते मिटले, आणि त्यानंतरच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील पावसाने राज्यभर कापणीला आलेली व कापून ठेवलेली पिके सडली. तो पाऊस मोसमोत्तर सदरात पडला. त्यामुळे त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या टक्केवारीत त्याचा मागमूसही नाही.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. हंगामाच्या टक्केवारीबरोबर प्रत्येक महसूल मंडळासाठी आणखी तीन आकडे प्रसिद्ध करावेत. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेले दिवस किती, दोन पावसाळी दिवसांमधील सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा, आणि हंगामातील एकूण पावसापैकी किती हिस्सा सर्वांत मोठ्या तीन दिवसांत पडला. आणि हा हिशेब ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालू ठेवावा. राज्यात दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत; माहितीचा तुटवडा नाही. अडचण इतकीच की ही केंद्रे नवी आहेत, त्यांच्यापाशी स्वतःची तीस वर्षांची नोंद नाही, आणि म्हणून आजचा पाऊस मंडळाचा व त्याची तुलना ज्याच्याशी करायची ती सरासरी दुसऱ्याच ठिकाणाहून उसनी आणलेली, असा प्रकार होतो.

जुनी नोंद जेथे आहे, ती तालुका कचेऱ्यांच्या आवारातील साध्या पर्जन्यमापकांची आहे. इंग्रजी अमदानीपासून कोणी तरी कारकून रोज सकाळी साडेआठ वाजता नरसाळ्याखालचे पाणी काचेच्या नळीत ओतून आकडा रजिस्टरात लिहीत आला आहे. शिवाजीनगरच्या ज्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, तेथे १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय आले आणि १९३२ मध्ये शेतीसाठी हवामानाचा स्वतंत्र अभ्यासही पुण्यातच सुरू झाला. शतकभराच्या त्या दैनिक नोंदींतून तालुक्यागणिक पंधरवड्यांचा इतिहास काढता येतो. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दहा दिवसांचा खंड दर दहा वर्षांत किती वेळा पडतो, हे सांगता येते. कोणत्या वाणाचे सोयाबीन घ्यावे, पीककर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यात ठेवावा, विम्याचा उंबरठा कोठे असावा, यासाठी शेतकऱ्याला, बँकेच्या शाखेला आणि विमा कंपनीला हाच आकडा लागतो.

आज मात्र त्यांच्या हाती येते ती एकच टक्केवारी. पावसाची पुढची पन्नास वर्षांची सरासरी काढली जाईल, तेव्हा २०२१ आणि २०२३ ही दोन्ही वर्षे तिच्यात सामील होतील. एक ९९ टक्के म्हणून आणि दुसरे ९४ टक्के म्हणून.